सोसायटीचं वाचनालय : १५,००० रुपये, एक कपाट आणि चार ते ब्याऐंशी वयाचे वाचक

उशिरा_पोचलेला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी नागपूरच्या मनीषनगरची, ६४ फ्लॅटची. गणपतीच्या वर्गणीतले १५,००० रुपये उरले. त्यांचं काय करायचं यावर मीटिंग झाली आणि पहिल्यांदाच आवाज न चढता ठराव झाला : क्लब हाऊसमध्ये वाचनालय काढायचं. पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मीटिंगला उशिरा पोचलो.

वाचक असे : चार वर्षांच्या जुळ्या. सहावी-सातवीतल्या पोरांची एक टोळी, सगळी इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचायला दिलं की डोकं दुखतं. नववीतली एक मुलगी, वाचते प्रचंड, पण फक्त इंग्रजी. भिशीचा महिला गट. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले चार-पाच काका, त्यातले एक ब्याऐंशीचे. बरीच घरं मराठी, काही हिंदी, एक तेलुगू.

मी चाळीस पुस्तकांची यादी केली. बायकोनं वाचली आणि म्हणाली, "ही तर आपल्याच कपाटातली पुस्तकं आहेत, फक्त दुसऱ्यांदा विकत आणतोयस." खरं आहे. बत्तीस कादंबऱ्या, त्यातल्या बहुतेक मी कॉलेजात वाचलेल्या, आणि सगळ्यांत एक चिडलेला तरुण. तेव्हा मदत करा. 'वाचलंच पाहिजे'च्या याद्या नकोत, त्या भरपूर मिळाल्यात. निवडायचं कसं ते सांगा.

---

तर्री_पोहा

भाऊ, पुस्तकं राहू द्या, आधी कपाट कुठं ठेवून राहिले ते सांगा. आमच्या कॉलनीनं तीन वर्षांआधी असंच वाचनालय काढलं होतं. कपाट ठेवलं कूलरसमोर, का तर वाचणाऱ्याले हवा लागली पाहिजे. एप्रिल ते जून कूलरची ओली हवा खाऊन पुस्तकं फुगली ना बाप्पा, पापडासारखी. पावसाळ्यात खालून उधई लागली. पुस्तकं होती तीनशे, सगळी दानातली. त्यात साठ स्पर्धा परीक्षेची जुनी गाइडं, एक अख्खा खण राशीभविष्याचा आणि एकाच कादंबरीच्या सात प्रती. चावी सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी पोराकडे पुण्याले गेले ते चार महिने आलेच नाही.

म्हणून सांगतो : भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून वीतभर उंच, कूलरच्या तोंडी नाही, अन् कुलूप तर अजिबात नाही. पुस्तक चोरीले गेलं तर आनंद माना, कोणीतरी वाचून राहिलं.

---

महालातला

श्यामची आई, पानिपत, स्वामी, मृत्युंजय, पुलंचा संच. विषय संपला.

---

उशिरा_पोचलेला

@महालातला, काका, तुम्ही माझ्याच यादीचा उत्तरार्ध दिलात :)

---

फळा_खडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते. लहानांचं आधी सांगते, कारण तिथेच पैसे सगळ्यात जास्त वाया जातात.

प्रदर्शनात दोनशे रुपयांत दहा पुस्तकांचा 'संस्कार कथा' संच मिळतो. घेऊ नका. आम्ही घेतला होता. दहाही पुस्तकांत शेवटी कोणीतरी खोटं बोलतं आणि त्याला शिक्षा होते. चित्रातली सगळी मुलं गोरी, गुबगुबीत आणि एकाच चेहऱ्याची. मुलांनी एकेकदा चाळली. आता ती कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली आहेत.

चार वर्षांच्या मुलीला मजकूर नको, चित्र हवं. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' आणि 'राधाचं घर' घ्या. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पण मी तो बघून सुचवत नाही. पहिलीतला एक मुलगा वर्गात महिनोन्‌महिने तोंड उघडत नव्हता. घरी गोंडी बोलतात. 'चित्रवाचन' त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं पानावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, बोट पुढे सरकवलं, परत बघितलं. तिसऱ्या पानावर त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि स्वतःच हसला. मला शब्द कळला नाही. शेजारच्या मुलीला कळला, तिनं मराठीत सांगितला. नंतर पाऊण तास दोघांचं तेच चाललं होतं. ज्या पुस्तकात वाचायचे शब्द फार नाहीत, ते कुठल्याही भाषेच्या मुलाला चालतं. तुमच्या तेलुगू घरालाही चालेल.

प्रथम बुक्सची चित्रपुस्तकं स्वस्त असतात, मराठीत आहेत, हिंदीतही आहेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिकेतली पातळ पुस्तकंही बघा. लहानांसाठी पंचवीस पातळ पुस्तकं चार जाड पुस्तकांपेक्षा बरी. पोरं आधी ढीग बघतात.

सहावी-सातवीच्या टोळीबद्दल वेगळं लिहिते, ते अवघड आहे.

---

फळा_खडू

हं, तर टोळी. ही मुलं वयानं अकरा-बारा, पण त्यांचं मराठी वाचन सात वर्षांचं. जोडाक्षर आलं की अडखळतात, 'आश्चर्य' आणि 'वैशिष्ट्य' दिसलं की पान उलटतात. त्यांना येईल असं पुस्तक द्यावं तर त्यात ससा आणि कासव. तो अपमान त्यांना बरोबर कळतो. वयाचं द्यावं तर वाचता येत नाही. 'आमची मुलं मराठी वाचत नाहीत' या तक्रारीतली निम्मी मुलं इथे अडकलेली असतात. आवड नाही असं आपण म्हणतो, पण त्यांचा वेगच तेवढा नसतो.

मी जे करते ते सांगते.

तुकड्या-तुकड्यांचं वाचायला द्या. 'किशोर' मासिक १९७१ पासून बालभारती काढते आहे, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कोडं, चुटका, एका पानाची गोष्ट. संपवल्याचा आनंद लवकर मिळतो.

दुसरं, मोठ्यानं वाचून दाखवा आणि मोक्याच्या जागी थांबा. फास्टर फेणे किंवा बोक्या सातबंडे, पहिलं प्रकरण तुम्ही वाचा, दुसरं अर्धं वाचा, पुस्तक टेबलावर ठेवून चहाला जा. कान पुढे गेलेला असतो, डोळे मागून येतात.

आणि विषय त्यांचा असू द्या. क्रिकेट, भुतं, साप, रॉकेट. भुताचं पुस्तक घेताना समितीतलं कोणीतरी नाक मुरडेल, मुरडू द्या.

---

विज्ञानवेडा_वर्धा

रॉकेटवरून : जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मुद्दाम ठेवा. 'यक्षांची देणगी' सातवीतल्या पोरालाही जमते आणि त्याच्या बापालाही. एका पुस्तकाचे दोन वाचक, तुमचे पैसे वाचले. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतली शेकडो पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, खेळणी कशी बनवायची तीसुद्धा. काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवालं पुस्तक छापून स्पायरल करून ठेवा. टोळी त्याच्यावर तुटून पडेल.

---

देवघेव_काउंटर

नोकरीची सगळी वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात गेली, आता निवृत्त. थोडं धंद्यातलं सांगतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन तुमच्या कामाची : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपण पहिल्यावर थांबतो. दुसरं जास्त कामाचं. पुस्तक हातात घेतलं की विचारायचं, हे सोसायटीतलं नेमकं कोण नेईल? चेहरा डोळ्यासमोर आला नाही तर खाली ठेवायचं. 'कोणीतरी वाचेल' म्हणून घेतलेलं पुस्तक कोणीच वाचत नाही, हे मी देवघेव वहीत वर्षानुवर्षं बघितलंय.

१५,००० एकदम खर्च करू नका. आत्ता ७,००० च्या आसपास. दोन महिने देवघेव वही बघा, काय फिरतंय, काय धूळ खातंय. मग उरलेले. आमच्याकडे अनुदानाची खरेदी मार्चअखेर एका दिवसात उरकायची. काय आलं ते पेटी फोडल्यावर कळायचं. तुम्हाला ती घाई नाही.

वहीत एक रकाना वाढवा : 'अर्धवट परत'. कोणाला विचारू नका का सोडलं म्हणून. नुसती खूण करा. तीन जणांनी अर्धवट परत केलेलं पुस्तक कितीही थोर असलं तरी खालच्या खणात जातं.

वयस्कर वाचकांसाठी दोनच गोष्टी बघा, टाइप आणि वजन. जुन्या आवृत्त्यांचा टाइप मुंगीएवढा असतो. आणि सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं पलंगावर पडून वाचायची म्हणजे छातीवर वरवंटा. पातळ, मोठ्या टाइपचं घ्या, अर्ध्या तासात एक बैठक संपेल असं. कथासंग्रह, ललित लेख, आठवणी.

---

महालातला

हे ठीक आहे. पण श्यामची आई नाही म्हणजे काय? १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, अजून खपतंय. उगाच खपतंय का?

---

फळा_खडू

@महालातला काका, ठेवा ना. मी फक्त म्हणते, 'चांगलं वळण लागेल' म्हणून पोराच्या हातात कोंबू नका. माझ्या वर्गात दोन मुलांना आई नाही. त्यांना ते पुस्तक कसं लागतं हे मी बघितलंय. एकानं तीनदा वाचलं, दुसऱ्यानं परत हात लावला नाही. ज्याचं त्यानं उचलावं.

---

धापेवाडा_एक्सप्रेस

सगळं पुण्या-मुंबईचं चाललंय. आपल्या मातीचं कोणी बोलून नाही राहिलं.

उद्धव शेळके यांची 'धग' ठेवा. १९६० ची कादंबरी, कौतिक नावाच्या बाईची गोष्ट, अन् माणसं वऱ्हाडीत बोलतात. माझी आजी चौथी शिकलेली. तिले मी संवाद वाचून दाखवले. मधातच म्हणे, "थांब, हे पुस्तकात लिवलं आहे का तू बनवून सांगून राहिला?" मी पान दाखवलं. तिनं चष्मा लावून 'काऊन' या शब्दावर बोट ठेवलं. जन्मभर तिले सांगितलं होतं का तुझी भाषा अशुद्ध आहे, पुस्तकात अशी भाषा नसते. तिनं मले त्याच पानाचे पुढचे संवाद तीनदा वाचायला लावले.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' पण, शेतकऱ्याच्या घराची. २००४ चा साहित्य अकादमी आहे त्याले. भिशी गटासाठी आपल्या नागपूरच्या आशा बगे, 'भूमी' किंवा कथा. अन् महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. नाटक एकट्यानं कशाला वाचता, पात्रं वाटून घ्या. अंगणातला तो गंजलेला ट्रॅक्टर ज्यानं आपल्या गावी पाहिला आहे, तो वाचता वाचता गप्प होते. आमच्याकडे झालं होतं.

---

निळी_पहाट

दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. पुस्तकनिवड कशी करतात ते तिथे बघायला मिळेल. लोक रात्रभर प्रवास करून येतात, परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. एक काकू, पायात स्लिपर, कंबरेच्या पिशवीतून चुरगळलेली नोट काढत विक्रेत्याला विचारत होत्या : "पोरीसाठी पाहिजे, बारावीला आहे, बाबासाहेबांचं कोणतं आधी वाचावं?" आधी काय, मग काय. इतका नेमका प्रश्न मी मोठ्या दुकानात कोणाला विचारताना ऐकला नाही. शासनानं छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही तिथे मिळतात.

सोसायटीसाठी : दया पवारांचं 'बलुतं' (१९७८), बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. आणि कृपा करून 'दलित साहित्य' अशी वेगळी चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवू नका. आत्मचरित्रांच्या खणात 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवा. 'जिणं आमुचं', 'आयदान' आणि 'स्मृतिचित्रे', तिन्हींत एक बाई आपलं आयुष्य सांगते आहे.

त्या नववीतल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला मराठीकडे ओढू नका. इंग्रजीच द्या, पण इथलं. 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद आहे, 'आयदान'चा माया पंडित यांचा. बघा काय होतं.

---

गच्चीवरचा

नववीसाठी मिलिंद बोकील यांची 'शाळा'? नववीच्याच मुलांची गोष्ट आहे. पण आमच्या ग्रुपवर एका बाबांनी हरकत घेतली, पोरंपोरींच्या प्रेमाचं आहे म्हणे, शिव्या आहेत म्हणे.

---

देवघेव_काउंटर

@गच्चीवरचा, हरकत घेणाऱ्याला पुस्तक द्या आणि म्हणा, आधी तुम्ही वाचा, मग ठरवू. माझ्या अनुभवात निम्मे लोक वाचत नाहीत, हरकत विसरतात. उरलेले वाचतात आणि आवृत्ती कुठली म्हणून विचारतात.

गमतीचा भाग सोडा. चार वर्षांच्या मुलासाठी आपण निवडतो हे ठीक. चौदा वर्षांच्या मुलानं काय निवडलं ते बघायचं आणि आपणही तेच वाचायचं, एवढंच हातात असतं.

---

परदेशी_वऱ्हाडी

इकडे मुलांच्या ग्रंथालयात एक विचार नेहमी ऐकायला मिळतो, रुडीन सिम्स बिशप यांचा, १९९० चा. काही पुस्तकं आरसा असतात, त्यात आपण दिसतो. काही खिडकी, त्यातून दुसऱ्याचं घर दिसतं. आणि काही सरकता दरवाजा, त्यातून आत जाता येतं. ज्या मुलाला सगळीकडे खिडक्याच मिळतात, त्याला वाटतं आपण पुस्तकात बसतच नाही. ज्याला फक्त आरसेच मिळतात, त्याला वाटतं जग आपल्याएवढंच.

धागाकर्त्यांची पहिली यादी आरशांचं दुकान होती. धापेवाडाच्या आजीला आरसा पहिल्यांदा मिळाला. त्याच 'धग'मध्ये मनीषनगरच्या पोरांना खिडकी मिळेल.

खिडकी म्हणून 'तोत्तोचान' घ्याच. रेल्वेच्या डब्यांत भरणारी जपानमधली शाळा. टोळीला आवडेल, आईबापांना जास्त.

---

तर्री_पोहा

आरसा, खिडकी, दरवाजा. आता कूलर राहिला. तो खिडकीतच बसवतात, म्हणून म्हणतो :)

वाचनखूण साठवली.

---

उशिरा_पोचलेला

दोन महिन्यांनी परत आलो. सगळ्यांचे आभार, खरेच. हिशेब देतो.

पहिल्या फेरीत ७,२०० खर्च झाले. थोडी नवी, थोडी सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळाली. लहानांची २२, टोळीसाठी १५, मोठ्यांची १९. कपाट लिफ्टसमोर, कूलरपासून लांब, कुलूप नाही. देवघेव काकांचा 'अर्धवट परत' रकाना ठेवला.

काय फिरलं : चित्रपुस्तकं सगळ्यात जास्त. गंमत म्हणजे ती आज्या नेतात. 'नातीसाठी' म्हणतात, पण एकीची नात बंगळूरला असते. काड्यापेटीच्या खेळण्यांची स्पायरल प्रत फाटून गेली, दुसरी काढली. भुताचं पुस्तक पाच दिवस बेपत्ता होतं, मग टोळीच्या क्रिकेटच्या किटमध्ये सापडलं. पानांवर वेफर्सचं तेल. फास्टर फेणेचं वाचन मी तीन शनिवार केलं, चौथ्या शनिवारी मला ताप होता तर त्यांच्यातल्याच एकानं वाचलं. अडखळत वाचलं म्हणे, पण कोणी हसलं नाही.

काय फिरलं नाही : माझ्या चिडलेल्या तरुणांपैकी तीन पुस्तकं मी तरी घेतलीच होती. तिन्हींना धूळ. बायकोनं वही बघितली, बोलली काही नाही.

नववीतली मुलगी इंग्रजी 'बलुतं' घेऊन गेली. परत करताना मराठी आहे का विचारलं. तिला मूळ शब्द बघायचे होते. मराठीचं अजून तिच्याकडेच आहे, वहीत 'अर्धवट'ची खूण नाही.

नाटकवाचन झालं नाही. भिशीच्या गटात वहिनीच्या भूमिकेवरून वाद झाला.

आता एक अडचण. आमचा रात्रपाळीचा वॉचमन गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी-मोरगावकडचा. एका रात्री मी उशिरा आलो (सवय). तो लिफ्टच्या उजेडात उभ्यानं मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचत होता. मला बघून पुस्तक पटकन कपाटात ठेवलं आणि म्हणाला, "फक्त पाहून राहिलो होतो साहेब, हे आमच्या तलावाचं नाव दिसलं म्हणून." मी म्हटलं, न्या ना घरी. तो म्हणे, "सेक्रेटरी साहेब म्हणाले, मेंबरसाठी आहे." नंतर गाडी लावायला आला तेव्हा त्यानं मला चार पक्ष्यांची नावं सांगितली. पुस्तकात एक नाव आहे, त्याच्या गावात दुसरं. पुस्तकातलं चुकीचं आहे असं नाही म्हणाला, "आमच्याकडे असं म्हणतात" म्हणाला. मला चारही पक्षी माहीत नव्हते.

मीटिंगमध्ये विषय काढला. सभासद फक्त फ्लॅटधारक, असं दोघांचं म्हणणं. कामाला येणाऱ्या मावशींचाही प्रश्न निघाला. त्यांची मुलगी सातवीत आहे, ती दुपारी जिन्यात बसून 'किशोर' वाचते. आवाज चढले. ठराव पुढच्या रविवारी.

तोपर्यंत वॉचमनचं पुस्तक माझ्या फ्लॅटच्या नावावर लिहिलंय. मुलीचेही दोन अंक. देवघेव काका, सार्वजनिक ग्रंथालयात फ्लॅट नसलेल्याचं नाव वहीत कसं लिहितात?

---

देवघेव_काउंटर

नाव, पत्ता, सही. पत्त्याच्या जागी 'गेट' लिहा, चालतं. आणि उरलेल्या ७,८०० मधून चितमपल्लींचा 'पक्षीकोश' घ्या. महाग पडेल, पण वाचक डोळ्यासमोर आहे.

---

तर्री_पोहा

रविवारी मीटिंगले वेळेवर पोचा भाऊ. नाहीतर परत एखादं काम गळ्यात पडन.